आधी प्लग लावू नका: माळ्यावर सापडलेल्या घरगुती रेडिओबद्दल

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला आणि फोटो मोठे करून पाहिले. बाकी सगळं सावकाश सांगतो, पण एक गोष्ट आधी. हे वाचून होईपर्यंत त्या रेडिओचा प्लग भिंतीजवळही नेऊ नका. तुमच्या पुतण्याला 'नुसतं एकदा लावून बघू' अशी घाई झालीय, त्यालाही थांबवा. पस्तीस वर्षं माळ्यावर काढलेला सेट आणखी पंधरा दिवस सहज थांबेल.

तुमचं म्हणणं मला कळलं ते असं. गिरगावातली तुमची चाळ पुनर्विकासाला जातेय, महिन्याभरात खोली रिकामी करायची आहे. माळा उपसताना सोलापुरी चादरीत गुंडाळलेला रेडिओ निघाला. वडिलांनी तो लग्नाच्या वर्षी, म्हणजे १९६६ साली, स्वतः जोडला होता. ते कचेरीत कारकून, रेडिओचं काम रात्रीच्या वर्गाला शिकलेले. आता ते नाहीत. आई ८१ वर्षांच्या आहेत आणि खोली सोडण्याआधी त्यांना तो एकदा वाजताना ऐकायचाय. जवळचा दुकानदार म्हणतो, "आतला कचरा काढतो, ब्लूटूथ बसवून देतो, दोन तासांचं काम." तुम्ही विचारलंय की तो चालू होईल का, झालाच तर त्यावर काय लागेल, आणि दुकानदाराचं ऐकावं का. आणि जाता जाता, प्लगच्या एका बाजूला लाल नेलपॉलिशचा ठिपका आहे तो कसला.

मी १९७३ साली ग्रँट रोड स्टेशनजवळ एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात लागलो. सहा महिने चहा आणला, मग सोल्डरिंगची कांडी हातात मिळाली. पुढे परळला स्वतःचं दुकान टाकलं, ते मुलाने मोबाइलकडे वळवलं, आणि आता मी घरीच खिडकीजवळ टेबल मांडून जुने सेट बघतो. त्यामुळे जे सांगतोय ते हाताखालून गेलेल्या सेटवरून. तरी फोटोवरून निदान म्हणजे फोनवर नाडी बघण्यासारखं आहे, हे धरूनच वाचा.

आधी तुमच्या फोटोंत मला काय दिसलं ते सांगतो. चार व्हॉल्व्ह आहेत, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्या, आणि तुम्ही काचेवरची अक्षरं नीट उतरवून दिलीत ते फार बरं केलंत: यूसीएच ८१, यूबीएफ ८९, यूसीएल ८२ आणि यूवाय ८५. (ती अक्षरं बोटाने पुसली तरी जातात. इथून पुढे काचेला फडकं लावू नका.) या नावांत पहिलं अक्षर महत्त्वाचं. 'यू' म्हणजे त्या व्हॉल्व्हचा फिलामेंट, म्हणजे आतली तापणारी तार, शंभर मिलिअँपिअरवर चालतो आणि सगळ्यांचे फिलामेंट एकामागे एक, सिरीजमध्ये जोडायचे. यूसीएच आणि यूबीएफला प्रत्येकी १९ व्होल्ट लागतात, यूसीएलला ५० आणि यूवायला ३८. बेरीज १२६. भिंतीतून येतात २३०. उरलेले शंभरेक व्होल्ट कुठेतरी जिरवावे लागतात, ते काम तो चिनी मातीचा जाडजूड रेझिस्टन्स करतो. त्यात दहाएक वॅटची उष्णता होते. लहान सोल्डरिंग कांडीइतकी म्हणा ना.

तुमच्या चौथ्या फोटोत त्या रेझिस्टन्सच्या वर, पेटीच्या आतल्या अंगाला पत्र्याचा एक तुकडा चार बारीक खिळ्यांनी ठोकलेला दिसतो. त्यावर पिवळ्या रंगात ताडाच्या झाडाचा अर्धा बुंधा आहे. तुम्ही लिहिलंत, 'आत काहीतरी गंजका पत्रा अडकलाय, तो काढू का?' नका काढू. तो डालडाच्या डब्याचा पत्रा आहे आणि तो अडकलेला नाही, मुद्दाम ठोकलाय. वरचं प्लायवूड तापून काळं पडू नये म्हणून. आणि तो नवीन सेटवर लावलेलाही नाही. पत्र्याच्या कडेने प्लायवूडवर भाजल्याचा तपकिरी डाग बाहेर आलाय. म्हणजे सेट आधी काही दिवस चालला, पेटी तापली, वास आला असेल, मग वडिलांनी उपाय शोधला.

आता धोक्याचं. या चार व्हॉल्व्हच्या सेटला मेन ट्रान्सफॉर्मर, म्हणजे भिंतीतली वीज सेटपासून वेगळी ठेवणारा ट्रान्सफॉर्मर, नसतो. भिंतीतल्या दोन वायरींपैकी एक थेट आतल्या लोखंडी सांगाड्याला, म्हणजे चॅसीला, जोडलेली असते. दोन पिनांचा प्लग कसाही लावता येतो. एका बाजूने लावला तर चॅसीवर न्यूट्रल येतो, उलटा लावला तर चॅसीवर पूर्ण २३० व्होल्ट. अशी चॅसी खालून दोन स्क्रूंनी पेटीला बांधलेली असते आणि नॉबच्या दांड्याही तिच्याशीच जोडलेल्या असतात. पेटी लाकडाची, नॉब प्लॅस्टिकचे, म्हणून माणूस वाचतो. नॉबच्या बाजूच्या बारीक भोकात मेण भरलेलं दिसेल, ते मळ समजून टोकरू नका. आतल्या स्क्रूला बोट लागू नये म्हणून ते भरलेलं असतं. बटण बंद केलं म्हणजे सेट मेला असंही समजू नका. बटण एकाच वायरीत असेल तर बंद सेटचीही चॅसी जिवंत राहू शकते.

तुमच्या आई म्हणतात की रेडिओ चालू असताना ओल्या फडक्याने पुसला की कधी कधी हाताला झिणझिण्या यायच्या, आणि 'ह्यांना सांगितलं की हे प्लग काढून उलटा लावायचे, मग थांबायच्या'. तुम्हाला ती गंमत वाटली. गंमत नाही, त्यांची आठवण अगदी बरोबर आहे आणि एका वाक्यात तिने मला सेटचं सर्किट सांगून टाकलं. मला स्वतःला अशाच एका सेटच्या नॉबने कोपरापर्यंत झटका दिलाय. पावसाळा होता, पाय ओले होते आणि मेण कुणीतरी काढलेलं होतं. मालकांनी शिव्या मला घातल्या, सेटला नाही.

म्हणून असा सेट टेबलावर घेणाऱ्या कारागिराकडे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर हवा. आत २३० व्होल्ट, बाहेरही २३०, पण भिंतीशी थेट नातं तुटतं. तुमच्या घरी सेट कायम वाजवायचा असेल तर तसाच एक छोटा ट्रान्सफॉर्मर रेडिओमागे ठेवून द्या. १०० व्हीएचा पुरतो आणि आजही करून मिळतो. ज्याला हा शब्दच माहीत नाही त्याच्या हातात सेट देऊ नका. एवढी एक परीक्षा पुरे.

दुकानदाराकडे वळतो. तो वाईट माणूस आहे असं मी म्हणणार नाही. त्याला आतला भाग खरोखरच कचरा दिसत असेल. मलाही एकेकाळी दिसायचा. १९८१ च्या सुमारास एक निवृत्त मास्तर माझ्याकडे सेट घेऊन आले, तीन व्हॉल्व्हचा, स्वतः बनवलेला, खरखरत होता. आतली एरियलची कॉइल त्यांनी दोऱ्याच्या लाकडी रिळावर हाताने गुंडाळली होती, वरून लाख लावली होती. मी तरुण, हाताला खाज. ते रीळ उपटलं, बाजारातली तयार कॉइल बसवली, वायरिंग सगळं सरळ, काटकोनात केलं. स्टेशनं जास्त लागायला लागली, खरखर गेली, मी खूश. मास्तर आले, दोन मिनिटं ऐकलं, मग सेट फिरवून मागून आत बघितलं. चष्मा पुसून पुन्हा बघितलं. म्हणाले, "आवाज छान आलाय हो. रीळ कुठंय?" कचऱ्याची गाडी सकाळीच येऊन गेली होती. त्यांनी ठरलेले पैसे मोजून दिले आणि मोजता मोजता सांगितलं की ते रीळ त्यांच्या आईच्या शिवणयंत्राचं होतं. पुन्हा ते काही घेऊन आले नाहीत.

तेव्हापासून दुकानात एक पद्धत ठेवली. सेटमधून निघालेला प्रत्येक तुकडा, फुटका रेझिस्टन्ससुद्धा, कागदाच्या पाकिटात घालून गिऱ्हाइकाला परत द्यायचा. कंपनीच्या सेटला त्याची गरज नाही. तसे हजार सेट निघालेत. ठाण्याच्या मर्फीच्या कारखान्यातून निघालेल्या एकाची चॅसी दुसऱ्यासारखीच असते. घरगुती सेटचं तसं नसतं. तो एकच असतो आणि त्यात बनवणाऱ्याने कुठे विचार केला, कुठे पैसे वाचवले, कुठे चुकला हे सगळं दिसतं. तुमच्या वडिलांचं सोल्डर बघा. डाव्या बाजूचे सांधे मोठे, गोळ्यांसारखे, मळकट आहेत. आयएफटीकडून, म्हणजे पत्र्याच्या डब्यांतल्या कॉइलींकडून, स्पीकरकडे येता येता ते लहान आणि चकचकीत होत जातात. हे मी अंदाजाने बोलतोय, पण मला वाटतं ते डावीकडून जोडत आले आणि जोडता जोडता हात बसला.

त्या काळी लोक सेट घरी का जोडायचे हे तुमच्या पिढीला कळणं अवघड आहे. फिलिप्स, मर्फी, बुश यांचे सेट कारकुनाच्या पगारात सहज बसत नसत. लॅमिंग्टन रोडवर भोकं पाडलेली तयार चॅसी, स्टेशन लावायचा गँग कंडेन्सर, कॉइल, आयएफटीची जोडी, स्पीकर असं सगळं सुटं मिळायचं. एका पगाराला गँग, दुसऱ्याला स्पीकर, असं करत वर्षभरात सेट उभा राहायचा. पेटी ओळखीच्या सुताराकडून. आणि सेट घरी बनवलेला असो की विकतचा, पोस्टातून परवाना काढायलाच लागायचा. १९८० च्या दशकात तो रद्द झाला. वडिलांच्या कागदपत्रांत पोस्टाचे शिक्के मारलेलं छोटं पुस्तक सापडतंय का बघा. सापडलं तर रेडिओचं वर्ष नक्की होईल आणि शेवटचा शिक्का कधीचा तेही कळेल.

तर, चालू होईल का? खरं उत्तर तीन गोष्टींवर अवलंबून आहे आणि त्या मला इथून दिसत नाहीत. पहिली, चारही व्हॉल्व्हचे फिलामेंट शाबूत आहेत का. गणपतीच्या जुन्या माळेतला एक दिवा गेला की अख्खी माळ विझायची, तसंच इथे. एक फिलामेंट तुटला की चारही काळे. हे तपासायला सेट लावावा लागत नाही. व्हॉल्व्ह काढून खालच्या चार आणि पाच नंबरच्या पिनांवर मल्टिमीटर लावला की झालं, या चारही व्हॉल्व्हना फिलामेंट तिथेच येतो. दुसरी, स्पीकरजवळचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर. त्याच्या प्रायमरीची तार केसासारखी बारीक असते. समुद्राकाठच्या हवेत ती हिरवी पडून तुटते. माझ्याकडे आलेल्या गिरगाव-दादरकडच्या सेटांत हे दुखणं पुण्याकडून आलेल्यांपेक्षा जास्त असायचं. तिसरी, उंदीर. माळ्यावरच्या उंदरांनी वायर कुरतडली तर ती बदलता येते, पण ते चॅसीवर मुतले असतील तर कॉइली गंजतात, आणि ते काम किचकट. तुमच्या फोटोंत चादरीला भोकं दिसत नाहीत, तेव्हा मला आशा आहे.

या तिन्ही ठीक असतील तर बाकीचं नेहमीचं. मोठे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर आतून सुकलेले असणार. पुतण्याने सेट सरळ लावला असता तर ते शॉर्ट होऊन यूवाय ८५, म्हणजे विजेची दिशा एकच करणारा रेक्टिफायर, जळाला असता, किंवा कंडेन्सरच फुटला असता आणि उग्र वासाने चाळ गोळा झाली असती. ते बदलायचे. पण जुना डबा काढून टाकायचा नाही. चांगला कारागीर तो पोकळ करून नवे छोटे कंडेन्सर त्याच्या पोटात बसवतो, बाहेरून काही कळत नाही. मेण लावलेले कागदी कंडेन्सर आता गळके झालेले असतात, त्यातला यूसीएल ८२ च्या ग्रिडला जाणारा तर न विचारता बदलायचा. तो गळला की व्हॉल्व्ह तापून लाल होतो आणि मरतो. मेनवर, म्हणजे भिंतीतून येणाऱ्या दोन वायरींमध्ये, आडवा टाकलेला कंडेन्सर बदलताना मेनसाठीच बनवलेला घ्यायला सांगा, साधा नको. मेनची वायरही बदलावी लागेल, तिचं रबर हातात चुरा होऊन येईल. जुन्या वायरीचा प्लग मात्र जपा. त्याबद्दल शेवटी बोलतो.

सुटे भाग स्वस्त आहेत. खर्च लागतो तो वेळेचा. व्हॉल्व्ह गेलेला निघाला तर घाबरू नका, जुन्या सेटमधून काढलेले मिळतात, चोर बाजारात फिरायची तयारी हवी. फक्त कुणी म्हणालं की 'ईसीएल ८२ टाकू, एकच आहे', तर नको म्हणा. आतला व्हॉल्व्ह तोच, पण फिलामेंट ६.३ व्होल्टचा आणि करंट पाऊण अँपिअरच्या वर. शंभर मिलिअँपिअरच्या माळेत तो उबसुद्धा धरणार नाही.

पहिल्यांदा वीज देताना सिरीज बोर्ड हवा. म्हणजे साठ वॅटचा जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब सेटच्या वाटेत घालायचा. एलईडी चालत नाही. बल्ब जरा उजळून मंद झाला तर ठीक. भक्कन पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद. दहा रुपयांच्या बल्बने माझे किती सेट वाचवलेत याचा हिशेब नाही.

तुम्ही स्वतः तोवर काय करायचं? फारच थोडं. मागची फळी काढा, भरपूर फोटो घ्या, कोरड्या मऊ ब्रशने धूळ झाडा. पाणी, कॉलिन, तेल, काही नको. डायलच्या काचेला मागून हातही लावू नका. 'मुंबई', 'सिलोन', 'दिल्ली' ही नावं वडिलांनी काचेच्या मागे शाईने लिहिलीत. ओलं फडकं फिरलं तर एका फटक्यात साठ वर्षांचं अक्षर जाईल. पुढून पुसा, तेही कोरडं.

लागेल काय, हा अवघड प्रश्न. हा मध्यम लहरी (मीडियम वेव्ह) आणि शॉर्टवेव्हचा सेट आहे, एफएम त्यावर येणार नाही. मुंबईच्या आकाशवाणीची मध्यम लहरींवरची ठिकाणं म्हणजे ५५८ किलोहर्ट्झ आणि १०४४ किलोहर्ट्झ. पण देशभर मध्यम लहरींची प्रक्षेपकं हळूहळू कमी होतायत, म्हणून सेटवर पैसे घालण्याआधी शेजारून एखादा चालू ट्रान्झिस्टर आणा, खिडकीत ठेवा आणि या दोन जागा ऐकून घ्या. ट्रान्झिस्टरवर नाही तर यावरही नाही. ऐकताना घरातले मोबाइलचे चार्जर, एलईडी दिवे आणि वायफायचा ॲडॅप्टर बंद करा. आजकाल खरखर ढगांची कमी आणि या चार्जरांची जास्त असते.

आणखी एक होईल. काटा वडिलांनी लिहिलेल्या 'मुंबई'वर आणला तरी मुंबई बरोबर तिथे लागेलच असं नाही, थोडी इकडेतिकडे सापडेल. त्यात त्यांची चूक नाही. १९७८ च्या नोव्हेंबरात आपल्याकडच्या मध्यम लहरींची सगळी मांडणी नऊ-नऊ किलोहर्ट्झच्या अंतराने नव्याने झाली आणि कित्येक केंद्रं सरकली. ५५८ आणि १०४४, दोन्हींना नवाने भागून बघा, बरोबर भाग जातो. कारागीर उत्साहाने आतले जुळवणीचे स्क्रू, म्हणजे ट्रिमर, फिरवून काटा 'मुंबई'वर जुळवायला जाईल. राहू दे म्हणावं. १९६६ ची मुंबई जिथे होती तिथेच राहू दे.

'सिलोन' लिहिलंय तिथे आता काय? १९५२ नंतर आकाशवाणीवर सिनेमाची गाणी जवळजवळ बंद झाली तेव्हा अख्खा देश शॉर्टवेव्हवर रेडिओ सिलोनकडे वळला. बुधवारी रात्री आठ वाजता चाळीत जिने रिकामे असायचे, बिनाका गीतमालेतल्या अमीन सयानींचा आवाज प्रत्येक खोलीतून थोडा थोडा मागेपुढे ऐकू यायचा. १९५७ ला विविध भारती आली तरी ती सवय लगेच सुटली नाही. आता त्या पट्ट्यावर रात्री फिरवलंत तर एखादं चिनी केंद्र सापडेल. बीबीसी हिंदीही २०२० च्या जानेवारीअखेर शॉर्टवेव्हवरून गेली. तेव्हा आईंना आधीच सांगून ठेवा, सिलोनच्या जागी ती गाणी नसतील.

त्यांना शॉर्टवेव्ह लागण्यासाठी वडिलांनी खोलीत एरियल म्हणून तांब्याच्या जाळीची पट्टी आडवी बांधलेली आठवते का, विचारा. असली तर तीही खिळ्यांसकट काढून घ्या. मात्र नळाला अर्थ जोडायची जुन्या लोकांची सवय या सेटला लावू नका, का ते वर आलंच आहे.

आता जे तुम्ही विचारलं नाही, पण तुमच्या लिहिण्यात होतं. 'फोनवर तीच गाणी आईला लावून दिली, पण ती म्हणते तसं वाटत नाही.' बरोबर आहे, वाटणारच नाही. मध्यम लहरींवर साधारण चार-पाच किलोहर्ट्झच्या वरचे सूर येतच नाहीत, झांजा-किणकिण सगळी कापली जाते. उरलेला आवाज कागदी कोनाच्या स्पीकरमधून सागवानी प्लायवूडच्या पेटीत घुमतो. वर अर्ध्या वेव्हच्या रेक्टिफायरची पन्नास सायकलची बारीक घरघर. आमच्याकडे एका आजींनी दुरुस्त झालेला सेट परत आणला होता, तक्रार काय तर 'घूं येत नाही'. नवे कंडेन्सर मी जरा मोठे टाकले होते. ते काढून मूळ मापाचे लावले तेव्हा समाधान झालं.

आणि नुसता आवाजही नाही. सिरीजच्या सेटमध्ये डायलचा दिवा त्याच माळेत असतो. बटण फिरवलं की फिलामेंट गार असतात, करंट एकदम धावतो, दिवा लख्ख पेटतो, मग मंद होतो. वीस-तीस सेकंद काहीच नाही. मग घरघर, तापल्या धुळीचा वास आणि त्यातून आवाज वर येतो. आईंना न सांगता विचारून बघा, बटण फिरवल्यावर आधी काय व्हायचं. दिव्याचं त्यांनी आपणहून सांगितलं तर समजा की त्यांना नुसतं गाणं ऐकायचं नाहीये. पहाटेचं प्रसारण सुरू होण्याआधी लावलात तर आकाशवाणीची ती धूनही मिळेल, वॉल्टर कॉफमन यांची. हा संगीतकार १९३० च्या दशकात युरोपातून मुंबईत आला आणि इथल्याच केंद्रात कामाला होता.

म्हणून दुकानदाराला 'नको' म्हणा. पण मध्यम लहरींवर काहीच लागत नाही असं निघालं, किंवा आउटपुट ट्रान्सफॉर्मर, कॉइली सगळंच गेलेलं निघालं, तर हट्ट करू नका. मेनची वायर काढून ठेवा म्हणजे चुकूनही कुणी लावणार नाही. तुमच्या पेटीत उजवीकडे हातभर मोकळी जागा दिसतेय, तिथे बॅटरीवरचा छोटा ब्लूटूथ स्पीकर मागून नुसता ठेवा, तोंड पुढच्या कापडाकडे करून. एक स्क्रू मारायचा नाही, एक वायर कापायची नाही. आवाज निदान त्या पेटीतून येईल. हे अर्धवट आहे, मला माहीत आहे. पण उद्या कुणी हुशार नातू निघाला तर त्याला दुरुस्त करायला सेट शिल्लक असेल. मूळ सेट जिवंत असताना फोन आतल्या व्हॉल्यूम कंट्रोलला वायरीने जोडायचे व्हिडिओ दिसतात, ते या सेटवर मुळीच करू नका. चॅसीवरचे २३० व्होल्ट फोनमार्गे हातात येतील.

महिन्यात होईल का? कारागीर चांगला मिळाला आणि व्हॉल्व्ह शाबूत असतील तर दोन-तीन दिवसांचं टेबलावरचं काम आहे. कारागीर शोधण्यातच वेळ जातो. लॅमिंग्टन रोडला आता बहुतेक दुकानांत कॅमेरे आणि एलईडी मिळतात, पण जुन्या दुकानांत काउंटरमागे बसलेल्या वयस्क माणसाला विचारा, 'व्हॉल्व्हचं काम कोण करतं?' तो दुसऱ्या कुणाचं नाव सांगेल, तो तिसऱ्याचं. तिसरा बहुधा खरा असतो. सेट नेताना टॅक्सीने न्या, मांडीवर धरून. कुरिअर नको.

राहिला तो लाल ठिपका. वर सांगितलं की प्लग एका बाजूने लावला की चॅसीवर वीज नसते, उलटा लावला की असते. टेस्टर लावून बरोबर बाजू एकदा शोधली की ती लक्षात कशी ठेवायची? वडिलांनी आईंची नेलपॉलिशची बाटली घेतली. पण नुसत्या प्लगवर खूण करून उपयोग नाही. प्लगवरचा ठिपका कशाला तरी जुळवायचा असणार. म्हणजे भिंतीवरच्या सॉकेटवरही एक ठिपका हवा. आई सांगतील रेडिओ कुठल्या फळीवर असायचा. त्या फळीजवळच्या जुन्या लाकडी बोर्डावर, काळ्या दोन पिनांच्या सॉकेटवर रंगाचे थर बसलेले असतील, तर नखाने हलकेच खरवडून बघा. मधे वायरिंग बदललं असेल तर नसेलही. असला तर खोलीची चावी देण्याआधी वायरमनला बोलवा, मेन बंद करून ते सॉकेट बोर्डासकट काढून घ्या आणि रेडिओच्या पेटीत, डालडाच्या पत्र्याशेजारी ठेवून द्या.